हॅरी केलरमनचा फोन आणि इंदोऱ्याचे गीतकार

नागपुरातील एका महाविद्यालयात मी जनसंवाद शिकवते. चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम माझ्याकडे असल्यामुळे, विद्यार्थ्यांसोबत शहरातील रसिकांनाही चित्रपट दाखवणे आणि नंतर त्यांची चर्चा घडवून आणणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. या चर्चांमध्ये बहुधा जाणकार बोलतात आणि बाकीचे ऐकतात. त्या दिवशी मात्र, ज्यांना इंग्रजी संवाद फारसे कळत नव्हते आणि जे मी वाटलेल्या मराठी कथासाराच्या आधाराने चित्रपट पाहत होते, त्या गृहस्थांनी आम्हा सगळ्यांच्या आधी त्याचे मर्म ओळखले.

चित्रपट होता 1971 सालचा, ‘हू इज हॅरी केलरमन अँड व्हाय इज ही सेइंग दोज टेरिबल थिंग्ज अबाउट मी?’. नाव लांबलचक आहे आणि चित्रपटही तसाच, वाट सोडून चालणारा आहे. दिग्दर्शक उलू ग्रोसबार्ड, पटकथा नाटककार हर्ब गार्डनर यांची. डस्टिन हॉफमनने रंगवलेला जॉर्जी सोलोवे हा न्यूयॉर्कमधील अत्यंत यशस्वी गीतकार आहे. उंच इमारतीच्या माथ्यावर घर आहे, स्वतःचे छोटे विमान आहे, गाणी लोकांच्या ओठांवर आहेत. पण त्याला झोप लागत नाही आणि नवे काही सुचत नाही. त्यातच हॅरी केलरमन नावाचा कोणी अज्ञात इसम त्याच्या मैत्रिणींना फोन करून त्याच्याविषयी नाही नाही ते सांगत सुटतो. आठवण कुठली, कल्पना कुठली आणि प्रत्यक्ष कुठले, याची सरमिसळ चित्रपटभर चालते आणि अखेरीस उलगडते ते असे की केलरमन म्हणजे जॉर्जी स्वतःच. यातील गाणी शेल सिल्व्हरस्टीन यांची आहेत. जॉनी कॅशने 1969 मध्ये गाजवलेले ‘अ बॉय नेम्ड सू’ त्यांचेच. म्हणजे यशस्वी गीतकाराच्या वैफल्याची गाणी एका यशस्वी गीतकारानेच लिहिलेली आहेत. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे जॉर्जीची गाणी ऐकताना ती खरोखरच लोकप्रिय असतील यावर विश्वास बसतो.

दिवे लागल्यावर पहिले मत धरमपेठेतील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मांडले. “खात्यापित्या माणसाचं रडगाणं आहे हे. याला कमी कशाची होती, तेच शेवटपर्यंत कळत नाही,” असे ते स्पष्टपणे म्हणाले आणि सभागृहातील निम्म्या माना डोलल्या. अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा आक्षेप निराळा होता: यातील स्त्रिया नायकाचे दुःख उजळून दाखवण्यापुरत्याच येतात, त्यांचे स्वतःचे काय ते कोणी विचारत नाही. एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना पडद्यावरचा मनोविकारतज्ज्ञ थिल्लर वाटला. मात्र निद्रानाशाने थकलेल्या माणसाचे बोलणे जसे भरकटते, तसेच ते हॉफमनच्या बोलण्यात उतरले आहे, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. हे तिन्ही आक्षेप मला रास्त वाटले. गार्डनर मूळचे रंगभूमीचे असल्यामुळे पात्रे पल्लेदार भाषणे करतात, आणि कॅमेरा ती ऐकत उभा राहतो.

मागच्या रांगेत नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतून आलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते. कॅसेटच्या जमान्यात त्यांनी भीमगीते लिहिली. 14 एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात जे स्टॉल लागतात, त्यांवर त्यांची गाणी वर्षानुवर्षे वाजत आली आहेत. गाणारे हजारो, लिहिणाऱ्याचे नाव ठाऊक असलेले थोडे. पैसे एकरकमी मिळाले, तेवढेच. गीतकाराला स्वामित्वधनात हक्क विकत घेणाऱ्या कंपनीच्या बरोबरीचा वाटा देणारी कायद्यातील दुरुस्ती 2012 मध्ये झाली, तोवर त्यांचा कॅसेटचा काळ सरून गेला होता. ते उभे राहिले आणि म्हणाले, “मले तर पहिल्याच फोनले समजलं जी, हा हॅरी कोन आहे ते.”

कसे समजले, असे त्या विद्यार्थिनीने विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की, त्यांचे एक गाणे इतके चालले की पुढे प्रत्येक मंडळाला तसेच दुसरे हवे असे. चाल तीच, ठेका तोच, फक्त कडवी नवी. मूळ गाण्याची चालही त्यांनी एका सिनेमातल्या कव्वालीवरून बांधली होती, आणि लोक हात जोडून कौतुक करीत तेव्हा ते उसने घेतलेलेच त्यांना पहिल्यांदा आठवे. एकदा असेच एका मंडळाचा घरच्या फोनवर फोन आला. समोरच्याने आवाज ओळखला नाही. “म्या म्हटलं, मी त्याचा भाऊ बोलतो. तो आता लिहित नाही, संपला तो. तुम्ही दुसरा पाहा. अन् त्याची गानी बी उचललेली आहेत, असंबी सांगून टाकलं.”

बँकेचे साहेब मागे वळले आणि त्यांनी विचारले, “पण काहून केलं जी असं?”

“त्यायले मी नव्हतो पाहिजे न. तेच गानं पाहिजे होतं.”

साहेबांनी आपला मुद्दा सोडला नाही, याचे मला बरे वाटले. तुमचे दुःख मला समजते, कारण तुमच्या घामाचा मोबदला तुम्हाला मिळाला नाही. त्या जॉर्जीला तर सगळेच मिळाले होते, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. त्यावर गीतकार म्हणाले, “त्याच्यापाशी विमान होतं, माह्यापाशी सायकल. पन दोघायनंबी फोन सोताचाच खराबा कराले लावला न, साहेब.” डॉक्टरांनी त्यांना कोणतेही निदान ऐकवले नाही, झोप लागते का, एवढेच विचारले. ते “आता लागते” म्हणाले.

या चित्रपटाविषयी इतक्या वर्षांत मी जे वाचले आणि शिकवले, त्यात जॉर्जीचे वैफल्य कीर्तीच्या अतिरेकातून आले, असेच गृहीत धरलेले होते. इंदोऱ्याच्या गीतकारांनी दाखवले ते अधिक नेमके होते: गाणे माणसापेक्षा मोठे झाले की लोक गाण्याला ओळखतात, आणि लिहिणारा त्याच गाण्याचा जामीनदार होऊन बसतो. मग आपली पत आपणच बुडवली, तर निदान सुटका तरी होईल, असे त्याला वाटू लागते. राजा बढे, सुरेश भट आणि ग्रेस यांना आपले मानणाऱ्या शहरात हे कळायला कठीण जाऊ नये. त्यांच्या ओळी गुणगुणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे न गाजलेले लेखन उघडून पाहिले आहे?

शेवटी त्या विद्यार्थिनीच्या आग्रहावरून आम्ही बार्बरा हॅरिसचा प्रसंग पुन्हा लावला. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे सहायक अभिनेत्रीचे नामांकन मिळाले होते. पुरस्कार क्लोरिस लीचमनला गेला. हॅरिसची ॲलिसन गायिका होण्याच्या आशेने चाचणीसाठी येते, पण गाण्यापेक्षा बोलतेच अधिक, आणि हातून निघून चाललेल्या वयाविषयी बोलताना तिचे हसू आणि भीती एकाच चेहऱ्यावर दिसतात. विद्यार्थिनीने मान्य केले की, ही एक स्त्री तरी नायकासाठी नव्हे, स्वतःसाठी बोलते. गीतकारांनी कथासाराचा कागद बाजूला ठेवून हा भाग पाहिला आणि सांगितले की, यंदाच्या जयंतीसाठीही एका मंडळाने त्यांच्याकडे गाणे मागितले आहे. “देनार का काका?” असे तिने विचारताच ते म्हणाले, “नवीन देईन. पटलं तं घेतील.”

आम्ही प्रेक्षकांकडून अभिप्रायाच्या चिठ्ठ्या लिहून घेतो. त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत बँकेच्या साहेबांनी लिहिले होते: चित्रपट लांबला आहे, फोनाफोनी कमी करावी, त्या बाईंचा प्रसंग ठेवावा. पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर माझे त्यांच्याशी एकमत आहे; फोनाफोनीतील एकही फोन मात्र मी कापू देणार नाही, आणि पुढच्या चर्चेत मी त्यांच्याशी त्यावरून वाद घालणार आहे.