तुम्ही विचारलंत म्हणून: शिफारशींना विचारतो कोण?

मी मानवी हक्कांचा कायदा शिकवतो. लैंगिक कल किंवा लिंगभाव ओळखीवरून होणाऱ्या भेदभावाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी पाळायची सक्ती कुणावरच नाही, मग त्या हव्यात कशाला?

सक्ती नाही, हे खरंच. संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्कांचं काम जिथून चालतं त्या जिनिव्हाहून कुणी वॉरंट घेऊन येत नाही, आणि शिफारशींना केराची टोपली दाखवणारी सरकारं पुष्कळ आहेत. पण या शिफारशी सरकारांपेक्षा जास्त वापरतात ते तक्रारदार आणि त्यांचे वकील.

टास्मानियाचंच घ्या. ऑस्ट्रेलियाच्या या राज्यात दोन प्रौढ पुरुषांचे संमतीचे संबंधही गुन्हा होते. नागरिकाला थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागता येईल असा प्रोटोकॉल (पूरक करार) ऑस्ट्रेलियाला २५ डिसेंबर १९९१ रोजी लागू झाला. टास्मानियातले कार्यकर्ते निकोलस टूनेन यांच्या तक्रारीवर तारीख तीच. (ऐन नाताळात! गडी टपूनच बसला होता.) या कायद्यामुळे एड्सला आळा बसतो, असा टास्मानियाचा बचाव होता. समितीला तो पटला नाही: गुन्ह्याच्या धाकाने लोक लपतात आणि ज्यांच्यापर्यंत आरोग्यसेवा पोचायला हवी तेच दूर राहतात. मार्च १९९४ मध्ये समितीने खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाल्याचं सांगितलं.

टास्मानिया ढिम्म. मग समितीच्या मताच्या आधारावर केंद्र सरकारने त्याच वर्षी कायदा केला. त्या कायद्याच्या जोरावर टूनेन आणि त्यांचे सहकारी रॉडनी क्रूम हायकोर्टात (ऑस्ट्रेलियात तेच सर्वोच्च न्यायालय) गेले. प्रकरण तिथे असतानाच, १९९७ मध्ये, टास्मानियाने ती कलमं काढून टाकली. समितीने स्वतः एक ओळही रद्द केली नव्हती.

योग्यकार्ता तत्त्वांची गोष्ट तर आणखी मजेशीर. लैंगिक कल आणि लिंगओळखीच्या बाबतीत मानवी हक्कांचा कायदा कसा लागू होतो, हे सांगणारी ही तत्त्वं २००६ मध्ये इंडोनेशियात जमलेल्या तज्ज्ञांनी लिहिली. एकाही देशाची त्यावर सही नाही. तरी एप्रिल २०१४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य करताना त्यांचा आधार घेतला.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत देशांनी एकमेकांच्या मानवी हक्कांच्या कारभाराची झडती घेण्याची जिनिव्हातली फेरीही आहे. तिथे सरकार शिफारस स्वीकारतं किंवा नुसती 'नोंद घेतो' म्हणतं. 'नोंद घेतो' हा सभ्य नकार. पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या नाउरूने मात्र समलिंगी संबंधांवरची शिफारस स्वीकारली आणि २०१६ मध्ये ते गुन्ह्यांच्या यादीतून काढले.

सगळं जग एका बाजूला आहे असं मात्र समजू नका. या भेदभावावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा ठराव याच परिषदेत २०१६ मध्ये २३ विरुद्ध १८ मतांनी कसाबसा पार पडला. सहा देश तटस्थ राहिले, त्यात भारतही होता.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: जिथे कोर्टच सरकारच्या खिशात आहे, तिथल्या माणसाने काय करायचं? बऱ्याचदा तो देश सोडतो. 'तिथेच गुपचूप राहिला असतास तर?' असं आश्रयाच्या मुलाखतीत अनेकांना ऐकावं लागलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. छळ टाळण्यासाठी ओळख लपवून जगावं अशी अपेक्षा कुणाकडूनही करता येणार नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. या सूचनाही बंधनकारक नाहीत, पण आश्रयाच्या अर्जाला वकील त्या जोडतात.