वहीतला ‘गुडघा’

परवा पावतीपुस्तक संपलं म्हणून नवीन छापायला टाकलं. जुन्यावर ‘विद्यार्थ्याचे नाव’ असं छापलेलं होतं. ते तसंच ठेवू का, असं प्रेसवाल्यानं विचारलं आणि मी अडकले.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाचा माझा योगवर्ग गेली एकोणीस वर्षं चालू आहे. येणाऱ्यांत सगळ्यात लहान सत्तेचाळीस वर्षांची आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी पहिल्याच महिन्यात पावती हातात धरून विचारलं होतं, ‘‘मॅडम, मी विद्यार्थी? मग एसटीचा पास काढून द्या!’’ सगळे हसले, मीही हसले, पण शब्द काही बदलला नाही.

खरं सांगायचं तर वर्गात त्यांना विद्यार्थी मी कधी म्हटलंच नाही. मी काय म्हणत होते, ते माझ्या हजेरीच्या वहीत होतं. सुरुवातीला नावं पाठ होईनात, म्हणून नावापुढे खूण करायचे: गुडघा, कंबर, बीपी, मान. हळूहळू नाव मागे पडलं आणि खूणच पुढे आली. ‘‘दुसऱ्या रांगेतली मान आज आली नाही,’’ असं मी घरी चहा पिताना म्हणायचे. नवऱ्यालाही काही वाटायचं नाही.

एकदा वही टेबलावर उघडी राहिली आणि ‘गुडघ्या’नं ती वाचली. त्या माझ्याकडे चार वर्षं येत होत्या. चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, ‘‘ताई, माझा गुडघा दोन वर्षांपूर्वीच थांबलाय दुखायचा. तुम्ही मला अजून खुर्चीवरच ठेवलंय.’’

मला काय बोलावं सुचेना. वीरभद्रासन, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहायचं आसन, आलं की मी न बघताच त्यांच्याकडे खुर्ची सरकवायची. चार वर्षं! वहीत गुडघा लिहिला होता, त्यामुळे मला गुडघाच दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीशिवाय उभ्या राहिल्या. पुढचा पाय काटकोनात आला नाही, पण उभ्या राहिल्या की!

तेव्हापासून कोण कुणाला काय म्हणतं, याकडे कान जायला लागले.

माझे आजोबा कोल्हापूरचे. तरुणपणी तालमीत जायचे. तिथे शिकवणारा तो वस्ताद आणि शिकणारा तो पठ्ठा. मैदानात कुस्ती पुकारताना ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठा’ असं म्हणायचे. म्हणजे चितपट झाला तर एकटा होत नाही, वस्तादालाही बरोबर घेऊन पडतो. कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायला, तिच्यात ताक, तेल, हळद कालवायला पठ्ठ्यांच्या बरोबरीनं वस्तादही उतरायचे, असं आजोबा सांगायचे. शब्दाला असं वजन असेल तर मला आवडतो. पण पासष्ट वर्षांच्या बाईंना ‘काय पठ्ठे’ म्हणायची माझी छाती नाही.

कथकवाल्यांची शिष्या असते. गुरूनं हाताला गंडा, म्हणजे दोरा, बांधला की नातं जन्माचं. माझ्याकडे तीन महिन्यांची फी भरून दिवाळीनंतर गायब होणारे लोक येतात. त्यांना शिष्य म्हणायचं म्हणजे मी स्वतःला गुरू म्हणवून घेतल्यासारखं होईल. नको.

योगवाल्यांत ‘साधक’ सर्रास चालतं. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि आसनं, प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. तिथे राहून अभ्यास करणाऱ्याला साधक म्हटलेलं शोभतं. माझ्या वर्गात शवासनात घोरणाऱ्याला साधक म्हटलं तर तोच दचकून उठेल. नागपूरच्या जनार्दनस्वामींच्या मंडळाचं नावच योगाभ्यासी मंडळ आहे. ‘योगाभ्यासी’ हा शब्द मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. अभ्यास करतो तो अभ्यासी. किती येतं, हा प्रश्नच नाही. फक्त हाक मारायला तो जड जातो.

भाची पिलाटिस नावाचा व्यायाम शिकवते, तिच्याकडे ‘क्लायंट’ असतात. ती म्हणते, ‘‘मावशी, क्लायंट म्हटलं की वेळेवर सुरू करावं लागतं आणि वेळेवर संपवावं लागतं.’’ हे मला मानावंच लागलं, कारण माझा वर्ग सव्वासातऐवजी साडेसातला संपतो. माझी एक मैत्रीण लंडनला अलेक्झांडर टेक्निक, म्हणजे उठण्याबसण्याच्या, उभं राहण्याच्या सवयी सुधारायची पद्धत, शिकते. त्यांच्यात पेशंट नाही, प्युपिल म्हणतात, आणि ट्रीटमेंट नाही, लेसन. शिकवणाऱ्याचे हात मानेला, पाठीला लागतात, तरी हा धडाच आहे, उपचार नव्हे, यावर ते लोक ठाम असतात. मला वहीतला गुडघा आठवला. पेशंट म्हटलं की त्याचं दुखणं सांभाळायची जबाबदारी आपली आणि त्यानं फक्त पडून राहायचं. शिकणारा म्हटलं की उद्या त्याला आपल्याशिवाय करता आलं पाहिजे. मी वर्षानुवर्षं पहिलंच करत होते आणि वर त्याला काळजी म्हणत होते.

हल्ली वर्गात मी ‘मंडळी’ म्हणते. ‘‘चला मंडळी, पाठीवर.’’ त्यात मीही आपोआप येते. वहीत आता नुसती नावं आहेत. दुखणं काय आहे, ते रोज सकाळी विचारते. रोज उत्तर वेगळं येतं.

पावतीवर मात्र ‘मंडळींचे नाव’ छापता येईना. शेवटी प्रेसवाल्याला म्हटलं, काहीच नको, नुसतं श्री./सौ. आणि पुढे रेघ. काल नव्या पुस्तकातली पहिली पावती फाडली ती त्याच गुडघेवाल्या बाईंना. त्यांनी पर्समधून पेन काढलं, ‘श्री./सौ.’ दोन्ही खोडलं आणि पावती माझ्यापुढे धरली.

‘‘मी लग्नच केलं नाही हो, ताई.’’