मग तुम्ही स्वतः का जात नाही?

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीला व्हिसाचा फॉर्म भरायचा होता. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा दिसतो कसा, हे तिला बघायचं होतं, म्हणून मी माझा पासपोर्ट दिला. तिने स्वित्झर्लंडचा स्टिकर पाहिला, पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं, मग शेवटपर्यंत सगळी कोरी पानं उलटली. "मॅडम, शिक्का कुठाय?"

शिक्का नाही. मी गेलेच नव्हते.

त्यावर तिने जे विचारलं, ते गेली सात-आठ वर्षं मला सगळेच विचारतात. वाशीच्या कॉलेजातले सहकारी विचारतात, दिवाळीला घरी आलेला मामेभाऊ विचारतो. आम्हाला सारखं सांगता, या परदेशी परिषदेला सारांश पाठवा, त्या परिषदेत पोस्टर लावा. मग तुम्ही स्वतः का जात नाही?

माझी तीन उत्तरं ठरलेली आहेत. पैसे नव्हते. रजा मिळत नाही. आता सगळं ऑनलाइन होतं. तिन्ही थोडी थोडी खरी आहेत, म्हणून तर इतकी वर्षं चालली.

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत तो पक्का बसलाय. मी अंटार्क्टिकाला गेलेले नाही. पेंग्विन मी राणीच्या बागेत पाहिले, आणि तेही पेरू-चिलीकडचे. माझं काम चिखलाचं. दक्षिण महासागरात आपल्या मोहिमा 2004 पासून जातात. अशाच एका मोहिमेत समुद्राच्या तळातून काढलेल्या कोअरचे, म्हणजे गाळाच्या लांब नळकांड्याचे, एकेक सेंटिमीटरचे काप झिपच्या पिशव्यांतून माझ्या वाट्याला आले. आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने तो राखाडी गाळ धुवायचा, स्लाइड करायची आणि हजारपट मोठं करून डायटमची, म्हणजे पाण्यातल्या एकपेशीय शैवालांची, कवचं मोजायची. काचेची असतात ती, म्हणजे सिलिकाची. एका स्लाइडवर तीनशे-चारशे. समुद्रावरच्या बर्फाच्या आसऱ्याने वाढणारे डायटम छोटे आणि पातळ कवचाचे, मोकळ्या पाण्यातला फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्गुलेन्सिस चांगला जाडजूड. कोणत्या थरात कोण जास्त, यावरून तेव्हा बर्फ कुठवर पसरायचा याचा अंदाज बांधता येतो.

संधी नसतात असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती, स्कार, 1958 पासून आहे आणि 2004 पासून तिची खुली परिषद दर दोन वर्षांनी भरते. 2024 ला चिलीत पुकोनला झाली, 2026 ची ऑस्लोला. आर्क्टिकवाल्यांचा सप्ताह दरवर्षी असतो, शिवाय नॉर्वेत ट्रॉम्सोला जानेवारी-फेब्रुवारीत, आइसलँडमध्ये रेक्याविकला ऑक्टोबरात गर्दी होते. व्हिएन्नाला वसंतात भूविज्ञानाचा जो कुंभमेळा भरतो, त्यात बर्फाचा वेगळा विभाग असतो. 2007-08 च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या धामधुमीत तरुण संशोधकांनी उभी केलेली 'एपेक्स' नावाची संघटना प्रवासखर्च कुठून मिळेल ते कळवत राहते. आणि पोस्टर मिळालं म्हणून तोंड पाडू नका. भाषणाला बारा मिनिटं मिळतात, पोस्टरपाशी दोन तास उभं राहता येतं. हे सगळं मी दर वर्षी नव्या मुलांना ऐकवते. पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडावर दिसायला लागला की घड्याळ बघते.

पोस्टरचं मी ऐकीव सांगत नाही. 2015 च्या जुलैत गोव्यात अंटार्क्टिकाच्या भूविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. ठाण्याहून कोकणकन्या पकडली, पोस्टरची नळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर कुशीत घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे परदेशी गृहस्थ पोस्टरसमोर चक्क उकिडवे बसले, कारण आकड्यांचा तक्ता मी अगदी खाली टाकला होता. चाळीस मिनिटं बसले. जेवणाच्या कुपनामागे डायटमची एक कड काढून दाखवली आणि म्हणाले, नुसतं मोजू नका, कडा झिजल्यात का तेही लिहा. परत आल्यावर मी मोजणीच्या वहीत एक रकाना वाढवला, 'कडा'. आधीच्या सगळ्या स्लाइड पुन्हा पाहिल्या. तीन वर्षं गेली त्यात.

म्हणजे परिषदेत काय मिळतं ते मला माहीत नव्हतं, असंही नाही.

डावोस म्हटलं की आपल्याकडे मुख्यमंत्री आणि सामंजस्य करार आठवतात. 2018 च्या जूनमध्ये तिथे दोन्ही ध्रुवांवर काम करणाऱ्यांची एकत्र परिषद होती, दोन हजारांहून जास्त माणसांची. माझा सारांश स्वीकारला गेला, तोही भाषणासाठी. प्रवासखर्चाचा अर्ज केला होता. कुठे, ते लिहीत नाही. अर्ज 'योग्य मार्गाने' जायचा होता. त्या मार्गावर एका सहीसाठी तो सतरा दिवस पडून राहिला, कारण सही करणारे परीक्षेच्या कामात होते. मग एक परिशिष्ट राहिलं. मग ते परिशिष्ट जुन्या नमुन्यात आहे असं कळलं.

दरम्यान व्हिसा काढायचा होता आणि त्यासाठी खात्यात पैसे दिसावे लागतात. बाबांनी वागळे इस्टेटमधल्या नोकरीतून साठवलेली एक मुदत ठेव मोडली आणि अडीच लाख माझ्या खात्यात टाकले. व्हिसा आला.

म्हणजे पैसे होते. "पैसे नव्हते" असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी हे वाचावं.

बाबा म्हणाले, "ठेव मोडलीच आहे, तर जाऊन ये. मंजुरी आली तर परत टाक, नाही आली तर राहू दे." मी म्हणाले, सरकारी जहाजाने आणलेला गाळ, सरकारी पैशाचा मायक्रोस्कोप, आणि मांडायला बापाची ठेव? माझ्यासारखे सगळेच घरचे पैसे घालून जायला लागले तर कागद हलवायची गरज कुणाला वाटणार? हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. दोन-तीन जणांना ऐकवलंही. बाबा काही बोलले नाहीत, पेपर वाचत बसले. जूनच्या दहा तारखेला मी पैसे त्यांच्या खात्यात परत फिरवले. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँकेने व्याज कापलं होतं, हे मला वर्षभराने एका जुन्या पावतीवरून कळलं.

त्या वेळच्या माझ्याशी आजही भांडण होतं आणि ती बाई हटत नाही. तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. आज एखादी विद्यार्थिनी घरचे दागिने गहाण ठेवून जाते म्हणाली तर मी तिला हेच सांगेन. फक्त त्या बाईने एक गोष्ट बाबांना सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती. ती रोज रात्री दार लावून, घड्याळ लावून ते इंग्रजी भाषण म्हणायची आणि रोज चौथ्या मिनिटाला तिचा घसा बंद व्हायचा. गोव्यात दोन तास घडाघडा बोलले होते मी, पण ते एका वेळी एका माणसाशी. अंधारातल्या सभागृहाला सांगायचं म्हटलं की जीभ उचलेना. तत्त्व आधी सुचलं की घसा आधी बंद झाला, हे मी बरेचदा आठवून पाहिलंय. क्रम लागत नाही.

भाषण माझ्या सहलेखकाने केलं. पीएचडीचा सिनियर, मी त्याला अजून दादा म्हणते. तो तेव्हा जर्मनीत होता, तिथून आगगाडीने गेला. तिथले सव्वाअकरा म्हणजे इथले पावणेतीन. पावणेतीनला मी कॉलेजच्या जिमखान्यात प्रवेशाच्या टेबलावर होते. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, लाद्यांवर चिखलाची पावलं. एका मुलाच्या दाखल्याची झेरॉक्स भिजली होती, जन्मतारखेतला आकडा एक की सात ते कळत नव्हतं. मूळ दाखला कोपरखैरण्याला घरी राहिलाय म्हणून त्याचे वडील गयावया करत होते आणि मी त्यांना नियम सांगत होते. फोन थरथरला.

"छान झालं ग. एकच प्रश्न आला, मला उत्तर देता आलं नाही. तुला विचारून सांगतो म्हटलंय. त्या बाई जेवणाच्या सुट्टीत थांबतायत."

प्रश्न असा होता. पातळ कवचं समुद्रात आधी विरघळतात, जाड टिकतात. मग वरच्या थरांत तुमचे बर्फातले डायटम कमी झाले, ते बर्फ हटला म्हणून, की नुसते विरघळले म्हणून?

मी तो मेसेज तीनदा वाचला. माझा शोधनिबंध तोवर दोन ठिकाणी तपासून झाला होता आणि हे कुणीही विचारलं नव्हतं. आणि उत्तर माझ्याकडे होतं! 'कडा'चा रकाना त्यासाठीच तर होता. विरघळल्यामुळे घट झाली असती तर त्या थरांतल्या जाड कवचांच्याही कडा कुरतडलेल्या दिसल्या असत्या. त्या चांगल्या धारदार होत्या. दोन नमुने सोडून. कडांची ती स्लाइड बारा मिनिटांच्या भाषणात बसत नाही म्हणून मीच काढून टाकली होती.

दाखला बाजूला ठेवून मी टाइप करायला लागले. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, लाइन खोळंबलीय." त्या मुलाचे वडील टेबलाला धरून उभे होते. त्यांना वाटलं असावं, मी त्यांच्याच कामाचा मेसेज करतेय, कारण मधेच ते "थँक्यू मॅडम" म्हणाले. उत्तर धाडेपर्यंत तीन वीस झाले. निळ्या खुणा संध्याकाळी उमटल्या.

"गेल्या त्या. दुपारचं सत्र दुसऱ्या इमारतीत होतं, नंतर दिसल्याच नाहीत. कार्ड घेऊन ठेवलंय."

कार्डाचा फोटो आला. त्यावर ईमेलचा पत्ता स्वच्छ दिसतो. मी लिहिलं नाही.

का नाही लिहिलं? आधी म्हटलं, आलेखासकट नीट लिहू. आलेख काढायला घेतला तर ते दोन नमुने आडवे आले. ऑक्टोबरात ते पुन्हा मोजले, तरी बसेनात. मग सहामाही परीक्षा, मग इतके महिने झाले की आता काय लिहायचं. समोर उभी असते तर म्हणाले असते, बाई, हे दोन बसत नाहीत, का ते मला कळत नाही. कदाचित त्यांना कळलं असतं. मेलमध्ये हे वाक्य मला लिहिताच आलं नाही. तिथे माणूस आपलं काम इस्त्री करून पाठवतो.

मंजुरीचं पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं. मूळ बोर्डिंग पास जोडावा, अशी सूचना होती.

2022 मध्ये स्कारच्या परिषदेचं यजमानपद भारताकडे होतं. एका रात्रीच्या गाडीने जाता आलं असतं, तर करोनामुळे ती ऑनलाइन झाली. मी बोलले. घरातल्या टेबलावरून, दार लावून, शेजारच्यांना अर्धा तास ड्रिल थांबवायला सांगून. घसा बंद झाला नाही, कारण समोर माझाच चेहरा होता. दोघांनी "नाइस टॉक" लिहिलं. मी लॅपटॉप मिटला आणि कुकर लावला. त्यावर मी वर्षभर सांगत फिरले की हेच बरं, फुकटचा कार्बन जाळून बर्फ वितळतोय हे सांगायला कशाला जायचं? मुद्दा बिनतोड आहे. माझ्या तोंडी मात्र तो मलाच पटत नाही.

पासपोर्ट पाहणारी ती विद्यार्थिनी व्हिएन्नाला जातेय. पोस्टर आहे, माझ्याच कोअरच्या पुढच्या भागावर, आणि सहलेखक म्हणून माझं नाव आहे. परवा तिने कच्चा आराखडा आणला. 'कडा'चा आलेख घेतला होता, पण ते जुने दोन नमुने गाळले होते.

"हे काढले की रेघ कशी स्वच्छ येते बघा, मॅडम."

"काढू नकोस."

"मग कुणी विचारलं तर काय सांगू?"

"आम्हाला माहीत नाही म्हणून सांग."

तिने पेन्सिलीने दोन ठिपके परत टाकले. मग म्हणाली, "तुम्हीच चला ना सांगायला." माझ्या पासपोर्टची मुदत 2027 च्या मार्चपर्यंत आहे, हे तिने त्या दिवशी पाहून ठेवलं होतं.