जिलबीचं मेटिंग, वाकडचा मेल आणि न जुळणारी सही

पेपरवाली (म्हणजे वंशावळीचं सर्टिफिकेट असलेली) कुत्री घेतली असेल आणि पुढेमागे पिल्लं काढायचा विचार असेल तर आजच सर्टिफिकेट काढा आणि ओनरच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा. आमच्या जिलबीच्या (पिवळी लॅब्रेडॉर, तीन वर्षांची) सर्टिफिकेटवर विकणाऱ्याचंच नाव होतं. "ट्रान्सफर मी करून देतो ताई, टेन्शन घेऊ नका" म्हणाला होता. त्याच्या त्या एका वाक्यापायी तिची अख्खी हीट (माजाचा काळ) गेली, आणि माझं डोकं अजून तापतं.

झालं असं की वाकडच्या एका दादांकडे मेल (नर) आहे, हाडापेराने मजबूत, स्वभावाने एकदम शांत. त्यांनी स्वतःहून विचारलं, फी नको, लिटरमधलं (त्या वेतातलं) एक पिल्लू मी निवडून घेईन. मला पटलं होतं, पण आमचे डॉक्टर म्हणाले आधी दोघांचे पेपर्स शेजारी शेजारी ठेवून बघा. दादांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर नेमका बापाच्या नावावर अंगठा, दुसऱ्या फोटोत घडी. शेवटी वाकडला जाऊन कागद हातात घेतला. आईकडचा आजोबा दोघांचा उघडउघड एकच. बापाच्या नावात केनेलचं (ब्रीडरच्या घराण्याचं) नाव तेच, पण स्पेलिंग वेगळं, आमच्याकडे एक शब्द जास्त, आणि रजिस्ट्रेशन नंबरचा फक्त शेवटचा आकडा वेगळा, एकावर 3 आणि दुसऱ्यावर 8. म्हणजे एकच कुत्रा की एकाच लिटरमधले दोन भाऊ?

आमचे सासरे म्हणाले, त्यात काय एवढं, आपल्यात मामाची मुलगी करतातच की. अहो पण फरक पडतो ना, जवळच्या नात्यात एकच दोष दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. पिल्लाला एखाद्या जीनच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून यायची शक्यता किती, याचं गणित सिवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1922 मध्ये मांडलं, त्यात मामे-चुलत भावंडांच्या जोडीला 6.25 टक्के येतात, बाप एक आणि आया वेगळ्या असतील तर 12.5, सख्ख्या भावंडांना 25. आमच्या केसमध्ये बाप सख्खे भाऊ असते तर 6.25 आणि एकच असेल तर 12.5, वर आईकडच्या आजोबाचे 3.125. एका आकड्यावर 9.375 की 15.625 ते ठरणार होतं.

मग ज्या ऑफिसात हे पेपर्स होतात तिथे फोन. ऑफिस परगावी, फोन उचलणार सकाळी थोडा वेळ, तेवढ्यात लागला तर लागला. बाई म्हणाल्या, "मॅडम तुम्ही ओनर नाही, तुम्हाला बापाचे डिटेल्स देता येणार नाहीत." म्हटलं कुत्री माझ्या सोफ्यावर झोपलीये. "हो पण रेकॉर्डवर नाही." मग आधी ट्रान्सफर, त्यावर विकणाऱ्याची सही हवी आणि तो गेलेला नाशिकला. त्याच्या मागे लागून लागून फॉर्म सही करून आणला, कुरियर केला, बरेच दिवस काहीच नाही, फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे", आणि मग तोच फॉर्म परत, वर लाल पेनाने शेरा, सही जुळत नाही. का, तर या महाशयांनी लिटर रजिस्टर करताना मराठीत सही केलेली आणि आता इंग्रजीत! फोनवर सांगायला काय होतं हो? परत नाशिक, परत कुरियर. या वेळी त्याला व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर मराठीत सही करायला लावली, याचा मला आजही अभिमान आहे.

मध्ये गणपती आले आणि जिलबी हीटवर आली. सोसायटीच्या गेटबाहेर गल्लीतले सगळे भाऊ हजर, आणि दादांचा रोज फोन, "ताई आत्ता लावून घेऊ, पेपर नंतर बघू." हीट गेली की पुढची साधारण सहा महिन्यांनी, त्यामुळे त्यांची घाई कळत होती, पण मी नाही म्हटलं. ट्रान्सफर माझ्या नावावर झालं तोवर सगळं उरकून गेलेलं. मग ईमेल केला तर एका ओळीत उत्तर, दोन्ही सर्टिफिकेटवरचा बाप सेम डॉग, तुमच्या पेपरवर टायपिंग मिस्टेक. एवढ्यासाठी सगळं रामायण.

म्हणजे 15.625, आणि तेही कागदावर दिसणाऱ्या तीन पिढ्यांपुरतं, मागे अजून नाती निघाली तर वाढणारच. दादा म्हणाले याला लाईन ब्रीडिंग (एकाच घराण्यात पिल्लं काढणं) म्हणतात, सगळे करतात, इंग्लंडच्या केनेल क्लबनेसुद्धा सख्खीच बंद केलीत. ते खरंय, 2009 पासून आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्ख्या भावंडांची पिल्लं ते एरवी रजिस्टर करत नाहीत, सावत्रांना तसा नियम नाही. पण जिलबीची डीएनए टेस्ट केली होती (गालाच्या आतून स्वॅब, घरीच होतो), त्यात पीआरए या डोळ्यांच्या आनुवंशिक आजाराची ती कॅरियर (वाहक) निघाली. तिला स्वतःला त्रास नाही, पण दुसराही कॅरियर असेल तर प्रत्येक पिल्लाला 25 टक्के शक्यता की ते हळूहळू आंधळं होणार. बाप एकच म्हटल्यावर दादांच्या मेलमध्येही तेच आलेलं असू शकतं. टेस्ट करा म्हटलं तर दादा म्हणाले "आमच्या लाईनमध्ये असलं काही नाही." मग विषय संपला. टेस्ट करून क्लिअर आला असता तरी मी केलं नसतं बहुतेक, एका आजाराची टेस्ट म्हणजे सगळ्यांची नव्हे.

हो, पिल्लं विकायची असतील तर 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडर म्हणून राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, हे कुणीच आपणहून सांगत नाही. मेटिंगआधी दोघांची ब्रुसेलाची (मेटिंगमधून पसरणाऱ्या संसर्गाची) टेस्ट करा. आणि मायक्रोचिप स्कॅन करून नंबर सर्टिफिकेटशी ताडून घ्या, पंधरा आकडे असतात, एकेक वाचा.

आता कोल्हापूरच्या एका मेलचं बघतोय, पाच पिढ्यांचे पेपर्स आधी मागितलेत. लॅब्रेडॉरला हिप्सचा (मागच्या पायांच्या खुब्यांचा) एक्स-रे पण हवाच, आणि तो बहुतेक भूल देऊन काढतात म्हणून उपाशी न्यायचं असतं, जे आम्हाला अपॉइंटमेंट देताना कुणी सांगितलं नाही आणि जिलबी सकाळी पोटभर दूधभात खाऊन गेली, मग काय, परत घरी.