करारातली शेवटची दोन वर्षे

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या तिशीतल्या एखाद्या खेळाडूशी पाच वर्षांचा करार झाला की चर्चा बहुतेक वेळा एकूण रकमेची होते. मी मात्र आधी चौथ्या आणि पाचव्या वर्षाचा हिशेब पाहतो, कारण त्या दोन वर्षांत पगार सर्वांत वर गेलेला असतो आणि शरीराला उतरती कळा लागलेली असते. अशा कराराबद्दल संघाच्या व्यवस्थापकाला दोष देण्याची पद्धत आहे, पण या विसंगतीचे मूळ मला प्रामुख्याने लीगच्या नियमांत दिसते.

लीगमध्ये सहा वर्षांपर्यंत काढलेल्या खेळाडूला सर्वसाधारणपणे सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेच्या, २५ टक्के, सात ते नऊ वर्षांच्या खेळाडूला ३० टक्के आणि दहा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या खेळाडूला ३५ टक्के इतका कमाल पगार देता येतो. बहुतेक खेळाडूंचा बहर सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास असतो. एकोणिसाव्या वर्षी लीगमध्ये आलेला खेळाडूसुद्धा ३५ टक्क्यांच्या पायरीवर पोहोचेपर्यंत एकोणतिशीत गेलेला असतो. त्यावर, स्वतःच्या संघाशी करार केला तर पहिल्या वर्षाच्या पगाराच्या आठ टक्के इतकी वाढ दरवर्षी मिळू शकते. समजा, पहिल्या वर्षी ४ कोटी डॉलर ठरले, तर पाचव्या वर्षी ते ५ कोटी २८ लाख होतात. पहिल्या वर्षी कॅप १४ कोटी असेल आणि दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत गेली, तर त्या खेळाडूचा वाटा सुमारे साडेअठ्ठावीस टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांच्या आत येतो. ती पाचच टक्क्यांनी वाढली, तर तोच वाटा ३१ टक्क्यांवर जातो. म्हणजे खेळाडूचा खेळ एका तसूनेही न बदलता तोच करार परवडणारा किंवा जड ठरू शकतो. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३च्या सामूहिक करारानुसार कॅप वर्षाला जास्तीत जास्त दहा टक्क्यांनी वाढू शकते, आणि २०२४-२५मध्ये ती जेमतेम साडेतीन टक्क्यांनी वाढली होती.

खेळाडूच्या बाजूने पाहिले तर यात मला अन्याय दिसत नाही. ऐन उमेदीत त्याच्या खेळाचे मोल कमाल मर्यादेच्या कितीतरी वर असते आणि ते त्याला मिळत नाही; तिशीनंतरचा मोठा करार म्हणजे काही अंशी त्याच थकबाकीची परतफेड असते. अडचण एवढीच की फायदा एका संघाने घेतलेला असतो आणि परतफेड पुष्कळदा दुसऱ्याच संघाला करावी लागते. पूर्वी हा प्रश्न मुख्यतः मालकाच्या खिशाचा होता. आता ‘सेकंड एप्रन’ ही पगारखर्चाची वरची मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, शिवाय बाहेरून खेळाडू घेण्याच्या नेहमीच्या सवलतीही बंद होतात. त्यामुळे एका उतरत्या खेळाडूचा करार बाकीचा संघ बांधतानाही आडवा येतो.

पण ‘वय’ या एकाच शब्दात सगळे खेळाडू कोंबणे मला पटत नाही. सर्वांत आधी जातो तो पहिल्या पावलाचा झपाटा. पिक अँड रोलमध्ये, म्हणजे सहकारी बचावपटूची वाट अडवतो त्या चालीत, पूर्वी जो खेळाडू बचावपटूला खांद्यामागे टाकून थेट रिंगपर्यंत जायचा, त्याच्या कमरेला आता बचावपटू चिकटून राहतो; लेअपच्या, म्हणजे रिंगजवळच्या सोप्या फेकीच्या, जागी अंतरावरून उचलून टाकलेला अवघड फटका येतो आणि फाउल कमी मिळाल्याने फ्री थ्रोही घटतात. बचावात हे आणखी लवकर दिसते, कारण तिथे बाजूला सरकणारी पावले लागतात आणि त्यांची उणीव अनुभवाने पूर्णपणे भरून निघत नाही. नेमबाजी, पासची जाण आणि खेळाची गती आपल्या हातात ठेवण्याची कला मात्र बराच काळ टिकते.

ख्रिस पॉल आणि रसेल वेस्टब्रुक यांच्या अदलाबदलीत हे स्वच्छ दिसते. २०१८मध्ये ह्यूस्टनने ३३ वर्षांच्या पॉलशी चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार केला आणि वर्षभरातच तो त्यांना लोढणे वाटू लागला. २०१९मध्ये त्यांनी पॉल दिला, सोबत पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) दिले आणि ओक्लाहोमा सिटीकडून तीन वर्षांनी तरुण असलेला वेस्टब्रुक घेतला. पुढच्याच मोसमात पॉल ऑल-स्टार ठरला, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला, आणि २०२१मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी फिनिक्सकडून अंतिम मालिकेत खेळला. वेस्टब्रुकचा सगळा खेळ उसळी आणि वेगावर उभा होता, बाहेरून नेमबाजी कधीच भरवशाची नव्हती. २०१७चा हा सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी) सुमारे २० कोटी ६० लाखांच्या त्या एका कराराच्या काळात ओक्लाहोमा सिटी, ह्यूस्टन, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिस लेकर्स असा फिरला. २०२१-२२मध्ये त्याचा पगार ४ कोटी ४० लाखांच्या वर होता आणि लेकर्स ३३ विजय व ४९ पराभवांसह प्लेऑफबाहेर, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीबाहेर, राहिले. जन्मतारखेवर सगळा भरवसा ठेवला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही. स्टीव्ह नॅशला २००४मध्ये तिशीचा झाल्यावर डॅलसने जाऊ दिले आणि पुढचे सलग दोन एमव्हीपी त्याने फिनिक्ससाठी मिळवले, तेही उदाहरण याच जातीचे.

अर्थात पॉल आणि नॅश यांच्याकडे पाहून निर्धास्त होण्यातही धोका आहे. पस्तिशीत खेळताना दिसतात ते टिकलेले खेळाडू. ज्यांचा खेळ बत्तिशीतच संपला ते लीगबाहेर गेलेले असतात आणि आपल्या नजरेतून निसटतात. शिवाय दुखापत कौशल्य बघून येत नाही. डेमियन लिलार्डने २०२२मध्ये घेतलेल्या मुदतवाढीत २०२५-२६ आणि २०२६-२७ या दोन मोसमांचे मिळून सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर होते, म्हणजे वयाच्या ३५व्या आणि ३६व्या वर्षांचे. २०२५च्या एप्रिलमध्ये मिलवॉकीकडून प्लेऑफ खेळताना त्याचा अकिलीस टेंडन (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला, आणि जुलैत संघाने त्याला मोकळे करून ही सगळी रक्कम पाच वर्षांवर पसरवली. करार हमीचा असल्यामुळे पैसे द्यावेच लागतात. जो खेळाडू संघात नाही त्याचा दरवर्षी सव्वादोन कोटींहून अधिक भार मिलवॉकीच्या हिशेबात राहणार आहे.

म्हणून माझ्या मते भांडायचे ते पहिल्या वर्षाच्या आकड्यावर नव्हे, शेवटच्या वर्षांच्या हमीवर. फिनिक्सने २०२१मध्ये ३६ वर्षांच्या पॉलशी चार वर्षांचा १२ कोटींपर्यंत जाणारा करार केला, तेव्हा तिसऱ्या वर्षाची हमी अर्धवट ठेवली आणि चौथ्या वर्षाची ठेवलीच नाही. पॉलला पहिली तीन वर्षे पूर्ण पगार मिळाला, आणि २०२४च्या जूनमध्ये, तोवर करार ज्यांच्याकडे गेला होता त्या गोल्डन स्टेटने चौथ्या वर्षाचे ३ कोटी डॉलर न मोजता त्याला मोकळे केले. त्यानंतर सॅन अँटोनिओने त्याला एका वर्षापुरते घेतले, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरचा पॉल त्या मोसमात सगळ्या ८२ सामन्यांत सुरुवातीच्या पाच जणांत होता.