यादी आपोआप खाली सरकवायला लागलेले पंधरा दिवस

नवरात्राच्या आधी बेळगावच्या मार्केटयार्डात रताळी यायला लागली की आमच्या मामांच्या अडत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बेळगुंदी, उचगाव, खानापूरकडची माणसं सारखी विचारत असतात, आमच्या मालाला काय दर लागला ओ. म्हणून मी एक साधं वेब अ‍ॅप केलं, मुनीम प्रत्येक लॉटचं नाव, पिशव्या, दर टाईप करणार आणि ती यादी सगळ्यांच्या मोबाईलवर वाढत जाणार, नवीन ओळ सगळ्यात खाली. ती खालची ओळ आपोआप दिसली पाहिजे, बास. तासाभराचं काम वाटलं होतं, पंधरा दिवस गेले.

पहिल्यांदा नवीन लॉट आला की लगेच स्क्रोलटॉपला (यादी वरून किती सरकली तो आकडा) स्क्रोलहाइटची (यादीची पूर्ण उंची) किंमत दिली. यादी सरकायची, पण कायम एक ओळ कमी! रिअ‍ॅक्टमध्ये (हे वेब पान ज्या लायब्ररीत लिहिलंय ती) स्टेट, म्हणजे आतली माहिती, बदललं म्हणजे ओळ लगेच स्क्रीनवर आली असं नसतं, ती नंतर येते, त्यामुळे मी जुन्या उंचीवरच खाली जात होतो. ते काम रिअॅक्टच्याच यूजलेआउटइफेक्टमध्ये टाकलं, म्हणजे ओळ डॉममध्ये (ब्राउझरने ठेवलेल्या पानाच्या रचनेत) बसल्यावर पण डोळ्याला दिसायच्या आधी, तेव्हा जमलं.

मग दुकानात दाखवलं. बेळगुंदीचे एक काका वर जाऊन आपला सकाळचा लॉट शोधत होते, तेवढ्यात नवीन ओळ आली आणि यादी धाडकन खाली. दोनदा तसंच झालं. म्हणाले, "काय गा हे, मी वर बघायलोय तर हे ओढून खाली नेतंय की." मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यांना त्यांचा स्वतःचा दर बघायचा होता आणि माझंच अ‍ॅप बघू देत नव्हतं. त्या दिवसापासून मी ठरवलं की माणूस वर गेला असेल तर यादीला हात लावायचा नाही.

त्यासाठी माणूस तळाला आहे का ते बघायचं, म्हणजे स्क्रोलहाइटमधून स्क्रोलटॉप आणि क्लायंटहाइट (यादीचा दिसणारा भाग) वजा करायचं. शून्य आलं तर तळाला. पण मामांच्या मोबाईलवर ते शून्य कधी येतच नव्हतं, कारण स्क्रोलटॉप दशांशात येऊ शकतो आणि बाकीचे दोन पूर्णांकात गोल केलेले असतात. मग ४० पिक्सेलच्या आत असेल तर तळाला धरायचं असं केलं. आणि हे मोजायचं ओळ घालायच्या आधी, नंतर मोजलं तर नवीन ओळीची उंची मध्ये येते आणि तळाला असलेला माणूससुद्धा वर आहे असं दिसतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते स्मूथ स्क्रोलने, म्हणजे एकदम उडी न मारता हळूहळू सरकण्याने. दिसायला छान म्हणून घातला होता, पण सौदा जोरात असला की पाठोपाठ लॉट येतात, पहिलं सरकणं अर्ध्यात असतानाच दुसरी ओळ येते, त्या क्षणी यादी तळापासून लांब असते, आणि माझा कोड समजतो माणूस वर गेला, की आपोआप सरकणं बंद. घरी एकेक ओळ टाकून टेस्ट करताना हे कधी दिसलंच नाही, यार्डात उभं राहिल्यावर दिसलं. स्मूथ काढून टाकला.

उंचीचं पण सांगतो. आमच्याकडे काही नावं मराठीत, काही कन्नडमध्ये येतात, लांब नाव दोन ओळीत मोडतं, शिवाय कन्नड फॉन्ट उशिरा लोड झाला की उंची परत बदलते, आणि मालाचे फोटो तर त्याहून उशिरा. एका ओळीला ठरावीक पिक्सेल धरून हिशोब चालतच नाही. फोटोची जागा आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) देऊन आधीच राखून ठेवली आणि आतल्या यादीवर रिसाइझऑब्झर्व्हर (आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय) लावला, उंची बदलली आणि माणूस आधी तळाला होता तर परत तळाला न्यायचं.

वर असलेल्यांसाठी खाली एक बटण ठेवलंय, "७ नवीन लॉट" असं मराठीत आणि कन्नडमध्ये, दाबलं की खाली. पुढच्या सौद्याला त्या काकांनी मोबाईल हातात घेतला, वर जाऊन आपला दर दोनदा वाचला, पिशव्या मोजल्या, यादी जागची हलली नाही, मग त्यांनी स्वतःच बटण दाबलं.