फ्रीज बिघडला, पण लगेच बंद करू दिला नाही

फ्रीजच्या खालच्या कप्प्यातलं पाणी गार होईना, तेव्हा घरात प्रत्येकाकडे निदान तयार होतं. कुणी म्हणालं गॅस संपला, कुणी म्हणालं थर्मोस्टॅट गेला. आणखी एक सल्ला आला, तो सगळ्यात सोपा: प्लग काढ, दिवसभर दार उघडं ठेव, मग परत लाव. हा सल्ला मात्र मी अडवून धरला. नो-फ्रॉस्ट, म्हणजे साचलेला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये बर्फ कुठे आणि कसा साचलाय, यावरूनच बरंच काही कळतं. तो वितळवून टाकला की मेकॅनिक येतो तेव्हा फ्रीज शहाण्यासारखा चालत असतो आणि तो "काही प्रॉब्लेम दिसत नाही" म्हणून निघून जातो. लवकर खराब होणाऱ्या वस्तू बाहेर काढल्या, फ्रीज तसाच चालू ठेवला आणि कागद-पेन घेऊन बसलो.

पहिलं काम मॉडेल नंबरचं. दारावर छापलेलं नाव पुरत नाही. खरा नंबर आतल्या बाजूच्या भिंतीवर, खालच्या ड्रॉवरच्या आड लपलेल्या स्टिकरवर निघाला. त्याचा फोटो काढला, शेवटच्या तिरक्या रेघेनंतरच्या अक्षरांसकट. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांमध्ये सुटे भाग वेगळे असू शकतात आणि फरक नेमका या अक्षरांतच असतो. स्टिकरवर आणखी दोन कामाच्या गोष्टी होत्या. एक म्हणजे क्लायमेट क्लास 'टी'. असा फ्रीज भोवतालच्या 16 ते 43 अंशांत नीट चालावा अशी अपेक्षा असते, त्यामुळे 'उकाडाच फार आहे हो' हे स्पष्टीकरण तिथेच बाद झालं. दुसरं, आतला गॅस आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन. हा ज्वालाग्राही असतो. सुरीने बर्फ खरवडण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तोही बाद. आतली नळी सहज फुटते.

मग तापमान. हात लावून 'थोडं गार वाटतंय' म्हणण्याला काही अर्थ नाही, आणि आतल्या हवेचं तापमान दार उघडताच बदलतं. म्हणून ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो मधल्या फळीवर रात्रभर ठेवला. दुसरा फ्रीझरमध्ये, गोठलेल्या वस्तूंच्या मधे खोचला. सकाळी खाली 13 अंश आणि वर उणे 15. खाली 4 आणि वर उणे 18 च्या आसपास असायला हवं. म्हणजे वरचं बऱ्यापैकी शाबूत होतं, खालचं कोलमडलं होतं.

या दोन आकड्यांनी गॅसची गोष्ट माझ्यापुरती जवळपास संपवली. गॅस बंद नळ्यांत फिरत असतो. तो वापरून संपत नाही, गळाला तरच कमी होतो. तसा गळाला असता तर फ्रीझरही इतका गार राहिला नसता. कारण अशा फ्रीजमध्ये थंडावा तयार होतो तो फ्रीझरच्या मागच्या कॉइलवर, आणि खालच्या कप्प्याला पंखा तिथली गार हवा पुरवतो. मग प्रश्न उरला एवढाच की हवा खाली का येत नाही?

पंखा दार उघडलं की थांबतो, त्यामुळे दार उघडून ऐकण्यात अर्थ नसतो. दाराचा स्विच बोटाने दाबून धरला, तेव्हा आतून घरघर ऐकू आली. पंखा फिरत होता. खालच्या झरोक्यासमोर कागदाची पट्टी धरली, ती जेमतेम हलली. फ्रीझरच्या मागच्या पॅनलवर पांढरी साय धरली होती, ती नो-फ्रॉस्टमध्ये दिसायला नको. तिचाही फोटो काढला. कॉम्प्रेसर कधी थांबतो हे बघायला अधूनमधून कान लावत राहिलो. तो थांबतच नव्हता. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला, चारही बाजूंनी घट्ट.

सगळ्यात अवघड भाग माणसांचा. घरच्यांना विचारलं, "काय बघितलंत?" तर उत्तर येतं, "सेन्सर गेला असणार." पुन्हा विचारायचं, बघितलं काय ते सांगा, कधीपासून ते सांगा. असं खोदून विचारताना एकजण सहज म्हणाला, मध्यंतरी आपण बाहेरगावी गेलो तेव्हा फ्रीज बंद करून दार उघडं ठेवलं होतं ना, परत आल्यावर काही दिवस किती छान चालला होता! बाकी सगळ्या नोंदींपेक्षा हे वाक्य मोलाचं निघालं. बर्फ पूर्ण वितळला की फ्रीज सुधारतो आणि हळूहळू पुन्हा ढेपाळतो, याचा अर्थ बर्फ वितळवणारी यंत्रणाच काम करत नसावी.

तक्रार नोंदवताना हा निष्कर्ष मुद्दाम सांगितला नाही. फक्त दिसलं ते सांगितलं: पूर्ण मॉडेल नंबर, दोन्ही तापमानं, पंखा चालू पण हवा नाही, मागे बर्फ, कॉम्प्रेसर अखंड चालू, बंद ठेवल्यावर तात्पुरती सुधारणा, बिघाड हळूहळू वाढलेला. पलीकडून ठरलेले प्रश्न येत होतेच, 'प्लग लावलाय का' पासून. पण मेकॅनिकचा स्वतःचा फोन आला तेव्हा त्याने एकच गोष्ट विचारली, "मॉडेलच्या शेवटची अक्षरं वाचून दाखवा." तो येताना डीफ्रॉस्ट हीटर, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणारा हीटर, घेऊनच आला.

प्लग काढून पॅनल उघडलं तर कॉइल दिसतच नव्हती, नुसती बर्फाची भिंत. पंखा त्या भिंतीवर हवा मारत होता. बर्फ उतरवल्यावर त्याने हीटरची दोन टोकं मल्टिमीटरवर तपासली. तार आतून तुटलेली होती. त्याच वायरिंगमधला, फार तापलं तर वीज तोडणारा थर्मल फ्यूज आणि कॉइलवरचा सेन्सर त्याने वेगळे काढून पाहिले, दोन्ही ठीक होते, म्हणून बदलले नाहीत. फ्रीज पुन्हा सुरू केल्यावर ग्लासातला थर्मामीटर 4 वर यायला दुसरा दिवस उजाडला. तोवर दार उघडून बघायचं नाही, असं जाताना तो सगळ्यांना बजावून गेला.